दंडाचं गाडगं

थोबाडीत बसल्यावर जगदेवी हसली, आणि शिवपुत्रचा हात जागच्या जागी थिजला. थप्पड काही नवी नव्हती. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला ती भाकरीसारखीच मिळत आलेली, कधी ताजी, कधी शिळी. त्यावर ती रडली होती, तिनं सात पिढ्या उद्धरल्या होत्या, एकदा उलथनं फेकलं होतं, ते त्याच्या कानाला चाटून भिंतीत रुतलं होतं. हसली मात्र कधी नव्हती. आणि हसली तीसुद्धा त्याच्याकडं बघून नव्हे. त्याच्या खांद्यावरनं पलीकडं, फळीवरच्या गाडग्याकडं बघून, जत्रेच्या गर्दीत माहेरचं माणूस दिसावं तशी हसली. गालावर बोटं उमटत होती, ओठाच्या कोपऱ्याला रक्ताचा ठिपका आला होता, आणि बाई गाडग्याकडं बघून हसत होती. मग पदर सावरून म्हणाली, "टाका."

शिवपुत्रनं डोक्याचा पटका काढला, त्याच्या शेवटच्या घडीतनं एक रुपया काढला आणि गाडग्यात टाकला. खण्ण झालं. कोपऱ्यात घोंगडीवर बसलेली त्याची म्हातारी, मल्लव्वा, त्या आवाजासरशी मान हलवून म्हणाली, "बरं हाय बाई तुझं. माझा नवरा जल्मभर फुकट मारत हुता."

आता भोगीच्या दिवशी, उद्यावर संक्रांत आलेली असताना, माणसानं बायकोला का मारावं? तर सगळं सोलापूर त्या दुपारी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीनं आणि वांगं-गाजर-पावट्याच्या भाजीनं घमघमत होतं. सकाळपासून आडत बाजारात पोती तोलून शिवपुत्रच्या पोटात आग पडली होती. आणि ताटात काय? चार दिवसांची कडक भाकरी आणि शेजारी चिमूटभर मीठ. "भोगीला मीठ?" त्यानं विचारलं. जगदेवी चुलीकडं तोंड करूनच म्हणाली, "मामंजींच्या नावानं जेवा की. त्यांनी तरी जल्मभर काय खाल्लं? दुसऱ्याचंच." बापाचं नाव निघालं आणि हात उठला. इथवर सगळं रीतसर. पण रुपया पडल्यावर तिनं चुलीमागं पालथी घातलेली परात उचलली, आणि परातीखाली भाजी होती. वाफाळती. वर तिळाचं कूट भुरभुरलेली भोगीची भाजी, शेजारी तीळ लावलेल्या टम्म भाकरी. "घ्या," ती म्हणाली, "गार व्हतीया." शिवपुत्र जेवला. भूक होती म्हणून जेवला. पण प्रत्येक घासाला दातात तीळ फुटायचा आणि त्याला वाटायचं, भाजी आधीच झालेली होती. मीठ वाढलं तेव्हा ती परातीखाली होती. मग मीठ कशाला वाढलं?

हात धुऊन तो बाहेर पडला तरी तळवा चुरचुरतच होता. तळवा म्हणजे शिवपुत्रचं पोट. तोलार माणूस, काट्याला पोतं लावायच्या आधी तळव्यानं नुसता टेकू दिला तरी वजन त्याच्या अंगाला कळायचं, आणि काट्याला लावल्यावर पारड्याला अंगठा कुठं टेकवायचा तेही कळायचं. त्या अंगठ्याचे आणि वानगी म्हणून मुठीमुठीनं काढलेल्या ज्वारीचे जे चार पैसे सुटायचे ते पटक्यात. मजुरी मात्र आठवड्याच्या आठवड्याला बायकोच्या हातात, कारण दुष्काळाच्या साली पोरीचं लग्न काढलं होतं. बाजारात ज्वारीचा दाणा येत नव्हता, काट्यावर कोळ्यानं जाळं केलं होतं, आणि सात रस्ता चौकातल्या सावकार मडिवाळप्पाकडं जगदेवीच्या पाटल्या गहाण ठेवून त्यानं पैसे उचलले होते. पोर अक्कलकोटाकडं नांदायला गेली, पाटल्या मडिवाळप्पाच्या तिजोरीत नांदायला गेल्या, आणि व्याज घरात नांदायला आलं. त्या साली एकदा धान्याच्या ट्रकवर माणसं तुटून पडली होती. शिवपुत्रच्या हातात पाच किलोचं माप होतं. ते कुणाच्या तरी खांद्यावर बसल्याचा मऊ, ओला आवाज त्याला अजून ऐकू यायचा. कुणाचा खांदा ते त्यानं बघितलं नव्हतं. घरी मात्र अर्धं पोतं आलं होतं, आणि जगदेवीनं ते निवडताना त्यातनं एक दात काढून मुकाट्यानं चुलीत टाकला होता.

आणि दंड सुरू झाला तो गेल्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत. सगळं गाव पाळण्यात बसत होतं. शिवपुत्रनं बंदुकीनं फुगे फोडायला पैसे काढले तशी जगदेवी सगळ्या लोकांत म्हणाली, "मडिवाळप्पाचं व्याज फोडा की आधी." ती तेव्हा काकणवाल्यापुढं नुसती हौसेनं हात धरून बसली होती, घ्यायचं काही नव्हतं, कासारानं डझनभर काकणं भरून बघितली होती. शिवपुत्रनं तिथंच ठेवून दिली. ती काकणांसकट ढिगावर पडली, चुरा झाला, मनगटातनं रक्त आलं, आणि कासारानं शिवपुत्रची गचांडी धरली. "मामा, बायको तुमची, मारा न्हायतर पुजा. काकणं माझी. पैसं टाका." शिवपुत्रला चारचौघांत पटका सोडावा लागला. घरी येऊन जगदेवीनं मनगटाला हळद लावली, रिकामं गाडगं फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "पुढच्या संक्रांतीपतोर कर्ज फेडायचं. आत्याबाईंनी तपकीर निम्मी करायची. मी च्या सोडला. भाजी सणालाच. कडक भाकरी आठ दिसाची येकदम करणार, सरपण वाचंल. तुमी तंबाकू सोडायची, सिनेमा सोडायचा."

"आन् हात?" मल्लव्वानं मधेच विचारलं होतं. म्हातारीला गंमत लागते.

"हात सोडू नगा. कुटं सुटतूया त्यो? पर काकणवाल्याला देता, तसं घराला बी द्या. थपडीला रुपाया." आणि तिनं त्याच्या गळ्यातलं लिंग त्याच्याच मुठीत देऊन शपथ घालून घेतली. शिवपुत्र हसत हसत बोलून गेला. रुपया म्हणजे काही कमी नव्हे, पण त्याला ती थट्टाच वाटली. आठवड्याभरात पहिली थप्पड बसली तेव्हा त्यानं तोंडानं मोजलीसुद्धा. तोलार माणूस एकपासून मोजत नाही, पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतो आणि मग दोन, तीन. तेव्हा थप्पड मारून तो म्हणाला, "लाभ!" आणि रुपया टाकला. दुसऱ्या दिवशी बाजारात ही गोष्ट त्यानं हमालांना रंगवून सांगितली, तर माणसं पोत्यांवर लोळली. वर्षभर जो तो विचारायचा, "काय शिवपुत्र, आज घरात माप चाललं का न्हाय?" आणि हाही मिशीला पीळ देऊन सांगायचा, चाललं. परवडणारा नवरा म्हणून त्याला एक मानच आला. सोलापुरात बायकोला मारणारे ढीग होते, रोख मारणारा एकटाच.

पायाखालचा रस्ता त्याला दिसत नव्हता. आडत बाजाराकडं वळायचं सोडून तो सात रस्त्याला आला तेव्हा कुणाची तरी सायकल पोटरीला घासून गेली आणि त्यानं त्या माणसाला अशी शिवी हासडली की तो पुढं जाऊन खांबाला धडकला. शिवपुत्रला बरं वाटलं. कुणाला तरी लागलं पाहिजे, असं त्याला अलीकडं रोजच वाटायचं. तंबाखू सुटल्यापासून दाढा रिकाम्या होत्या, त्या एकमेकीलाच खायच्या. घरात दिवसरात्र कडक भाकरी मोडल्याचा आवाज, कड, कड, जणू कुणाची तरी बोटं मोडताहेत. मडिवाळप्पा दिसला की हमालांचा पोतं ओढायचा आकडा त्याच्या डोळ्यापुढं यायचा. तो आकडा मानेखाली, गळपट्टीच्या जरा वर रुतवायचा, आणि ज्वारीचं पोतं ओढावं तसा मडिवाळप्पा त्याच्याच भांड्यांच्या दुकानातनं फरफटत चौकापर्यंत आणायचा. मागनं तांब्या-पितळेची चळत घरंगळत येते आहे. हे चित्र त्यानं वर्षभर इतकं घासलं होतं की त्याला कल्हईसारखी चकाकी आली होती. त्यात एकच खोट होती. मडिवाळप्पा गोड माणूस होता.

"ये, ये, शिवपुत्र," दुकानातनं मडिवाळप्पानं हाक मारली, "बस की. तीळगूळ उद्या, आज पाणी तरी पी." समोर उकडलेल्या शेंगा सोलत बसला होता. "तुझी बायको सकाळीच येऊन गेली. समदं आणलं बघ तिनं. पाच रुपयं कमी पडलं. मी म्हणलं, अक्का, ऱ्हाऊ दे, संक्रांत झाल्यावर दे. तर म्हणली, न्हाय अण्णा, संक्रांतीला हातात पाटल्या पायजेत, सांजच्याला पाच रुपयं घिऊन येते. मी म्हणलं, आता सांजेपतोर कुटनं आणणार? तर हसली बघ."

"हसली?"

"हसली की. म्हणली, घरात हायत, काडायचं राह्यल्यात." मडिवाळप्पानं एक शेंग पुढं केली. "नशीबवान हायस. अशी बाई पैशाला पैसा चिकटवती."

शिवपुत्रनं शेंग घेतली नाही. घरात हायत, काडायचं राह्यल्यात. घरात नव्हते. घरातलं सगळं गाडग्यात होतं आणि गाडग्यातलं सगळं सकाळी मडिवाळप्पाला गेलं होतं. पाच कमी. त्यातला एक मघाशी पडला, मीठ वाढून. उरलेले चार त्याच्या डोक्यावर होते, पटक्याच्या घडीत, आणि ते तिथं आहेत हे जगात दोघांनाच ठाऊक होतं असं त्याला वाटत होतं, एक तो आणि एक सिद्धेश्वर. आता त्याच्या डोळ्यापुढं गेल्या गड्ड्यातलं कासाराचं पाल आलं. चुरा झालेली काकणं, मनगटातलं रक्त, आणि पडल्या जागेवरनं वर बघणारी जगदेवी. त्या दिवशी त्याला वाटलं होतं ती त्याच्याकडं बघते आहे. ती पटक्याकडं बघत होती. सुटणाऱ्या पटक्याकडं. मजुरी ती मागून घेऊ शकत होती, हा पैसा मागून मिळणारा नव्हता, आणि मागितला असता तर तो गळ्यातलं लिंग धरून खोटं बोलला असता, त्यानं मडिवाळप्पाच्या पायावर डोकं ठेवलं असतं, पण घडी उलगडली नसती. उलगडायची कळ कुठं आहे ते तिला त्या दिवशी सापडलं. ती तिच्या स्वतःच्या गालावर होती.

मग मागच्या वर्षातल्या थपडा एकेक करून त्याच्या समोर येऊन उभ्या राहायला लागल्या, घेणेकऱ्यांसारख्या. नागपंचमीला आमटीत मीठच नव्हतं, व्याजाचा दिवस दुसऱ्या दिवशी होता. पोळ्याला ती त्याच्या मित्रांपुढं म्हणाली होती, ह्यांच्यापरीस बैल बरा, त्याला वर्षातनं येकदा तरी पुरणपोळी कळती, आणि त्याच संध्याकाळी रॉकेलवाल्याला पैसे गेले होते. दसऱ्याला त्याचा धुतलेला सदरा तिनं मुद्दाम चुलीच्या राखेत टाकला होता. दिवाळीला सलग दोन. प्रत्येक वेळी त्याला वाटलं होतं, माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं नव्हतं, फिरवलं होतं, विहिरीचा रहाट फिरवावा तसं, तळाशी किती पाणी आहे ते बघत. मारणारा तो, आणि राबवणारी ती. त्याला एकदम राग आला, इतका की कानशिलं ठणकली. घरी जाऊन हिला आता अशी तुडवावी की... आणि मग त्याला कळलं, तुडवल्यावर चार रुपये पडतील. ह्या रागाचेसुद्धा तिनं चार रुपये धरले असतील. सात रस्त्याच्या मधोमध, टांगे, सायकली, एसटीचे भोंगे, आणि शिवपुत्र आपला उजवा हात दुसऱ्याची वस्तू धरावी तसा अंगापासून लांब धरून उभा राहिला.

दिवस कलायला आला होता तेव्हा तो घरी पोचला. जगदेवी चुलीपुढं, मल्लव्वा घोंगडीवर. गाल सुजला होता, डोळ्याखाली निळं झालं होतं. त्याला बघताच जगदेवी म्हणाली, "आलासा व्हय? बाजार उठायच्या आदीच? आडत्यानं हाकललं वाटतं. काट्यावर अंगठा ठेवणाऱ्याला किती दिस ठिवणार?"

बोलणं बरोबर नेम धरून आलं. हात उठू लागलासुद्धा. पण शिवपुत्रला आता त्या बोलण्यामागची घाई ऐकू आली, शेवटची गाडी सुटायच्या आत गिऱ्हाईक धरणाऱ्या टांगेवाल्याची घाई. त्यानं उठलेला हात पटक्याला नेला. पटका उलगडला. घडीतनं रुपये, आठाणे, मळकी पाचाची नोट, सगळं भुईवर खळखळलं. म्हातारीनं तपकिरीची चिमूट नाकाशीच धरून ठेवली.

"घे," तो म्हणाला. "चार कमी हायत न्हवं? घे. समदं घे."

जगदेवीनं पैशांकडं बघितलं, मग त्याच्याकडं. पहिल्यांदा तिचा चेहरा बिघडला, दुपारी रक्त आलं तेव्हा बिघडला नव्हता तेवढा. "हे कशाचं?"

"कशाचं म्हंजे? पैसं हायत. माझं."

"थपडीचं का?"

"थपडीचं न्हाय. असंच."

"मग नगं." तिनं पायानंच ते पैसे त्याच्याकडं सारले. "असंच द्यायचं हुतं तर गेल्या गड्ड्याला द्यायचं हुतं. आदीच दिलं असतं तर माझं दोन दात तोंडात असतं. मी तुमचा येक बी रुपाया फुकट घेतलेला न्हाय. समद्याला माझी कातडी लागल्या. आता शेवटचं चार तुमी दान करणार, आन् उद्या बाजारात सांगणार, मी बायकूच्या पाटल्या सोडवल्या. व्हय की न्हाय?"

शिवपुत्र नेमकं तेच सांगणार होता.

"मारा," ती म्हणाली. "मडिवाळप्पा दुकान बंद करंल. मारा की!"

"न्हाय उचलत हात." त्यानं दोन्ही हात मागं घेतले, पाठीशी एकात एक धरले. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "शपथ घाल पायजे तर. न्हाय मारत."

"मला कशाला शपथ?" जगदेवी उठली. पिठाचे हात पदराला पुसले. "रुपाया थपडीला ठरलाय. गाल कुणाचा ते काय ठरलं न्हवतं."

आणि तिनं मारली. भाकरी थापून थापून वाढलेला हात तो, मनगटात सगळा जोर, आणि तळवा सपाट बसायची सवय झालेला. शिवपुत्रची मान भिंतीकडं गेली. कानात घंटा वाजली. ह्या हाताचं वजन त्यानं कधीच केलेलं नव्हतं.

"लाभ," जगदेवी म्हणाली, वाकली, भुईवरचा एक रुपया उचलून गाडग्यात टाकला.

मागं धरलेली त्याची बोटं एकमेकांत रुतली. सोडवली असती तर काय झालं असतं हे तिघांनाही माहीत होतं. त्यानं सोडवली नाहीत. दुसरी बसली तेव्हा ओठ दातावर फुटला, रक्ताची खारट चव तोंडात पसरली, मिठासारखी, नुसत्या मिठासारखी. कोपऱ्यातनं म्हातारीचा आवाज आला, "एरडू." जन्मभर माजघरात कानडीत मोजणारी ती, तिला पण मोजावंसं वाटलं. तिसरी डोळ्याजवळ. "मूरू," म्हातारी म्हणाली, आणि आता ती रडत होती का हसत होती ते त्याला दिसेना, डोळ्यात पाणीच इतकं आलं होतं. चौथीला तो गुडघ्यावर आला. "नाल्कू." खण्ण. चार रुपये झाले. जगदेवी धापा टाकत होती. तिच्या तळव्याची लालबुंद आग तिनं पदरात दाबून धरली होती, आणि तिच्या डोळ्यात त्याला ते दिसलं जे तो रोज आपल्या अंगात घेऊन हिंडत होता, आणखी एक, आणखी एक.

"झालं की," तो खालनं म्हणाला. "चारच कमी हुतं."

"चारच हुतं." तिनं कमरेची गाठ सोडली. तिच्याकडं स्वतःचा म्हणून एक रुपया होता, कुठला कोण जाणे, अंगाच्या घामानं काळा पडलेला. तो तिनं त्याच्या डोळ्यापुढं धरला. "ही गेल्या गड्ड्याची. काकणवाल्यापुढची. दंड ठरायच्या आदीची हाय, म्हणून माझ्या पदरचा रुपाया." आणि पाचवी मारली. ही सगळ्यात मोठी होती. मग तो काळा रुपया तिनं वेगळा, सावकाश, गाडग्याच्या काठावरनं आत सोडला, आणि त्याचा आवाज बाकीच्यांपेक्षा बद्द आला. म्हातारीनं हा आकडा मोजला नाही.

जगदेवी गाडगं पदराखाली घेऊन गेली आणि दिवे लागायच्या आत आली. भुईवरचे उरलेले पैसे तसेच पडून होते. कुणीच उचलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. शिवपुत्र उशिरा जागा झाला तो भाकरी थापण्याच्या आवाजानं. थप, थप, थप, आणि प्रत्येक थापेला पाटल्यांचा आवाज, सोन्याचा सोन्यावर, बारीक. तो तोंड भिंतीकडं करून पडून राहिला. प्रत्येक थापेला त्याचा गाल आपोआप आक्रसत होता, थांबवायला गेलं तरी थांबत नव्हता. थोड्या वेळानं त्यानं मान वळवून फळीकडं बघितलं. त्याला वाटलं होतं गाडगं पालथं घातलेलं असेल. ते सुलटं होतं, धुऊन, पुसून, तोंड वर करून ठेवलेलं. उठून आत डोकावला, तर तळाशी तो काळा रुपया होता. तो तिनं मडिवाळप्पाला दिला नव्हता.